बेनीची गिटार आणि हिल्डाचा मसाला

बेनी,

आधीच सांगते, मी रडायला बसलेले नाही. रडून झालंय. चर्चमध्ये रडले, तुझ्यावर माती टाकताना रडले, मग तुमच्या गावठाणातल्या घरी हिल्डाच्या गळ्यात पडून रडले, सगळं रीतसर झालं. तुझी बायको मला थोपटत होती, मी तिला थोपटत होते, आणि आलेल्या माणसांना चहा करायला कुणीच उठेना. शेवटी मीच उठले.

आता मी मस्कतला आहे. तुझ्या क्लेराच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. आत तुझा नातू झोपलाय. तू गेलास तेव्हा तो चार दिवसांचा होता, म्हणून पोरीला बापाच्या मातीला येता आलं नाही. तिने सगळं मोबाईलवर बघितलं आणि नंतर हिल्डाकडे एकच गोष्ट मागितली. "मम्मी, डॅडाची गिटार पाठव. महिन्याच्या मिस्साला मी इथे चर्चमध्ये वाजवेन." नवी नको, कुणाची मागून आणलेली नको. ज्या गिटारवर तू तिला शिकवलंस, जिच्यावर तिची बोटं सोलली, तीच हवी.

हिल्डाचा गुडघा नुकताच बदललाय. डॉक्टर तिला रिक्षात बसू देत नाही, विमानात काय बसवणार! कुरिअरचं नाव काढलं की ती कपाळापासून छातीपर्यंत क्रूस करते. मग खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं तुझ्या गिटारवर गायलेली बाई, नवऱ्याने हौसेने काढून दिलेला पासपोर्ट कपाटात कोरा पडलेला. हिल्डा म्हणाली, "शैला नेईल."

शैला नेईल! अरे, शैलानेच ती मोडली होती. हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक हार घालून फोटोत बसला होता.

सहा वर्षं झाली त्याला. बंगळूरला तुझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. आपल्या गाण्याच्या ग्रुपमधले बाकीचे दोघे आदल्या दिवशी गाडीने गेले. आपण दोघं विमानाने, कारण मला चारकोपच्या एका नवरीचे सात ब्लाउज पुरे करून द्यायचे होते आणि तू माझ्यासाठी मागे थांबलास. हिल्डाने मावसभावासाठी मसाला दिला होता. तुमचा बाटलीचा मसाला. वीस-पंचवीस जिनसा उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, कांडायच्या आणि बियरच्या रिकाम्या काळपट बाटलीत काठीने ठासून भरायच्या. तिघीजणी चार-चार दिवस त्यात असतात, शिंकून शिंकून जीव जातो त्यांचा. माझी बॅग तट्ट भरलेली. तू रिक्षा बघायला नाक्यावर गेलास आणि मी तुझ्या गिटारची पेटी उघडली. मानेच्या टोकाला जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथे खाली थोडी पोकळी असते. बाटली तिथे बसली. जरा दाबावी लागली, पण बसली. मी शिंपीण, मला वाटलं माप बरोबर आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास.

एअरपोर्टवर तुझा नेहमीचा खेळ सुरू झाला. गिटार पाठीवर, पाठ भिंतीकडे, काउंटरपर्यंत खेकड्यासारखा आडवा चालायचास. मी पुढे उभी राहून काउंटरवरच्या मुलीला नको ते प्रश्न विचारायचे, खिडकीची सीट आहे का, जेवण देतात का, बाथरूम किती आहेत. विमान अर्धं रिकामं होतं, तू गोड बोललास, तिने पेटी आत न्यायला परवानगी दिली. तू मला डोळा मारलास. आणि मग तपासणीच्या मशीनमध्ये पेटी अडकली.

"ये दारू है क्या?"

तू म्हणालास, "कौनसी दारू?" आणि पेटी उघडल्यावर तू बाटलीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. बाटलीत मिरची आहे कळल्यावर आणखी वाट लागली. मिरचीची पूड विमानात बरोबर नेता येत नाही. बाटली फेका, नाहीतर सामानात टाका. आपल्या बॅगा तर केव्हाच गेलेल्या. सुटी काचेची बाटली काउंटरवाले घेईनात. तेव्हा तू शहाण्यासारखं बोलला होतास बेनी, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "शैले, मी गिटार हातात धरतो, बाटली पेटीत राहू दे, रिकामी पेटी सामानात देऊ." किती सोपं होतं! पण मी अंगावर आले तुझ्या. "उघडी गिटार घेऊन फिरशील भीक मागत? गेट बंद व्हायला आलंय. लोक फ्रीज पाठवतात विमानाने, दे पेटी अशीच, काही होत नाही." 

तू दिलीस. तू माझं ऐकलंस. आयुष्यात तू माझं फार कमी वेळा ऐकलंस आणि त्यातली ही एक वेळ.

बंगळूरला पट्ट्यावरून पेटी आली. उघडली तर बाटली जशीच्या तशी. चिमूटभर मसाला सांडला नव्हता. आणि गिटारची मान खुंट्यांच्या खाली तुटून तारांना लोंबकळत होती. पेटी कुठेतरी आपटली असणार, पण आपटल्यावर मानेला मागून टेकण देऊन मोडणारी होती ती बाटली. कुणीही सांगू शकलं असतं. तू बाटली उचललीस, रुमालाने पुसलीस आणि मावसभावाच्या हातात दिलीस. "हिल्डाने पाठवलाय." लग्नात मागून आणलेल्या गिटारवर वाजवलंस. परत आल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कपाटं बनवणाऱ्या मिस्त्रीकडे जाऊन तीन दिवस त्याच्या डोक्यावर बसलास, सरस लाव, शिकंजा आवळ, घाई करू नको. मान जुळली. जोडाची रेघ तेवढी राहिली. आणि कुणी रेघेबद्दल विचारलं की तू म्हणायचास, "विमानवाल्यांनी मोडली."

दर वेळी. माझ्यासमोर. बाटलीचं नाव नाही. हिल्डाला नाही, क्लेराला नाही, दोन पेग झाल्यावरही नाही. मी वाट बघायचे, आज बोलेल, आज चिडवेल. तू एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्यास रे. मी चार शिव्या परत घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. तू मोठेपणा करून मला सहा वर्षं टांगून ठेवलंस, ह्याचा मला अजून राग आहे. आणि तू माझी लाज राखलीस, ह्याचं जे काही वाटतं, ते सांगायला मला शब्द नाहीत. दोन्ही खरं आहे.

आणि मी तरी कुठे बोलले? सॉरी हा एवढासा शब्द. आमच्या मालवणी घरात माफी कुणी मागतच नाही, माशाचं कालवण पाठवून देतात. मी तुला पाठवलं पण होतं. तू डबा धुऊन परत केलास आणि म्हणालास, मीठ कमी होतं.

शेवटच्या भांडणाचंही तसंच. तू जायच्या तीन दिवस आधी प्रॅक्टिसला म्हणालास, "शैले, काळी पाच सोड आता. काळी चारवर ये. वर गेलीस की आवाज फाटतो." एक पट्टी खाली गा, एवढंच म्हणालास. मी म्हटलं, तुझी बोटं थकलीत, माझा गळा नाही. आणि पर्स उचलून चालती झाले. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, मी कापडाला कात्री लावत होते, बघितला आणि उचलला नाही. म्हटलं, थांब जरा, तडफड. तो मिस्ड कॉल अजून फोनमध्ये आहे. तुला काय म्हणायचं होतं हे मला आता कधीच कळणार नाही. बहुतेक काळी चारच म्हणायचं असेल, तू काय सुधारणारा होतास!

तर ह्या सगळ्यामुळे मी ठरवलं. गिटार माझ्याबरोबर जाईल, माझ्या डोळ्यांसमोर जाईल, सामानाच्या पोटात जाणार नाही. आणि शाबूत पोचवल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. आधी पोचवायची, मग कबूल करायचं. मोडलेल्या गिटारची कबुली द्यायची तर गिटार धड असायला हवी ना?

तुझी ती कडक पेटी विमानातल्या वरच्या कप्प्यात मावत नाही, हे मला चौकशीत कळलं. मग मी मशीनवर बसले. हिल्डाने तुझ्या आईचं जुनं चौकड्यांचं लाल लुगडं दिलं, माझ्या आईच्या दोन सुती साड्या काढल्या, मध्ये कापूस भरला आणि गिटारच्या अंगासरशी गोधडीची पिशवी शिवली. मानेपाशी चार पदर, जोडाच्या जागी सहा. तारा सैल करायच्या की नाही ह्यावर तू आणि मी किती वर्षं भांडलो! तू म्हणायचास, जरा उतरव, ताण कमी होतो. मी म्हणायचे, सैल करायला गिटार आहे की ब्लाउज? ह्या वेळी उतरवल्या. तुझं ऐकलं. नोंद घे.

निघायच्या दिवशी हिल्डा कुबडी टेकत दारापर्यंत आली आणि पदराखालून काय काढलंन? बियरची बाटली. ठासून भरलेली. "क्लेराला दे गो. बाळंतीण बाई, तिकडे तिला कसलं जेवण मिळतंय." हिच्याच मसाल्यापायी तिच्या नवऱ्याची गिटार मोडली, आणि ही मला परत तीच बाटली देतेय, हसत. मी बाटली घेतली आणि सरळ मोठ्या बॅगेत घातली. सगळ्या जुन्या साड्या गिटारच्या पिशवीत गेलेल्या, म्हणून मिस्साला नेसायच्या माझ्या पांढऱ्या साडीतच तिला गुंडाळली. गिटारपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब.

काउंटरवर दहिसरची एक मुलगी होती. मराठी ऐकून हसली, पण गिटार बघून तिचं हसू गेलं. "मॅडम, साइज बसणार नाही." मी पर्समधून शिवणाची टेप काढली आणि तिथेच गिटार मापली. लांबी, रुंदी, छाती, कंबर, सगळं. त्यांच्याच नियमांचा छापील कागद टेपच्या शेजारी धरला. मागची रांग माझ्याकडे बघत होती. माप दोन बोटं जास्त होतं. मी टेप जरा ताणली. ती म्हणाली, "काकू, टेप ताणू नका." मी म्हटलं, "बाळा, बत्तीस वर्षं हेच करते, मला शिकवू नको." तिने मान हलवली आणि म्हणाली, आत जा, पण दारात अडवतील तर मी जबाबदार नाही.

तपासणीला मशीनचा पट्टा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. पिशवीची गाठ सोडायला लावली. जवान म्हणाला, "आप बजाती हैं? थोड़ा बजाइए ना." तुला पण सगळीकडे असंच म्हणायचे आणि तू लगेच सुरू व्हायचास, मागची रांग गेली खड्ड्यात. मी म्हटलं, "बजानेवाला नहीं रहा. बेटी के पास ले जा रही हूँ." त्याने स्वतः पिशवीची गाठ बांधून दिली, घट्ट, आणि मी ती जरा सैल केली.

खरी लढाई विमानाच्या दारात झाली. माझा नंबर शेवटच्या घोळक्यात, तोवर वरचे कप्पे भरलेले. एअर होस्टेस म्हणाली, खाली सामानात टाकू, नाजूक आहे अशी चिठ्ठी लावते. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मॅडम, जागाच नाही. मी म्हटलं, मग मला उतरवा, मी उद्या जाईन, परवा जाईन, पण ही खाली जाणार नाही. आवाज माझा काळी पाचमध्येच लागला होता. सगळं विमान वळून बघायला लागलं. पण खरं सांगते बेनी, आतून घाबरले होते. मिस्सा रविवारी आहे, मी उतरले तर क्लेराकडे बापाची गिटार कशी पोचणार? आणि दिली, आणि पुन्हा मोडली, तर मी कुठल्या तोंडाने जगणार?

मग मला सुचलं. जागा नाही म्हणजे काय, जागा करायची. मी स्वतः रांगेरांगेतून फिरले. "भाऊ, तुमची छोटी बॅग पायाशी घेता का? ताई, तुमचं ते जाकीट मांडीवर घेता?" एकाने तोंड वाकडं केलं, दोघांनी लगेच जागा करून दिली. शेवटी उरला आंब्याचा खोका. त्याचे मालक रत्नागिरीकडचे एक दाढीवाले चाचा, मुलाकडे निघालेले. हापूस आहे, आडवा करता येत नाही, म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, माझ्या मैतराची गिटार आहे. तो महिन्यापूर्वी गेला. हिची मान एकदा मोडलीय आणि ती माझ्यामुळे मोडलीय."

बघ, पहिल्यांदा मी ते बोलले ते एका अनोळखी माणसाला, विमानाच्या मधल्या वाटेत, एका आंब्याच्या खोक्यासमोर.

चाचांनी खोका उतरवला आणि पायांत घेतला. "ठेव बाय, तुझा बाजा ठेव. आंबे काय, पिकायचेच आहेत." पूर्ण प्रवासभर ते गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी मान वर करून त्या कप्प्याकडे बघत राहिले. जेवण दिलं ते कसलं होतं तेही आठवत नाही.

क्लेराने दारातच पिशवी घेतली. आजीचं लुगडं ओळखलंन, त्यावर गाल ठेवलान. मग गाठ सोडली. मी बाजूला उभी. तिने जोडाच्या रेघेवरून अंगठा फिरवला, तारा चढवल्या, एकेक करून सुरात आणल्या आणि वाजवल्या. गिटार शाबूत होती, बेनी. आवाजसुद्धा तुझाच.

आणि मग मी बॅग उघडली. घरभर एकदम खकाणा उठला. क्लेरा शिंकली, जावई शिंकला, मी शिंकले, आतून पोरगं रडायला लागलं. बाटलीचे तीन तुकडे, आणि माझी मिस्साची पांढरी साडी लालभडक. क्लेराने एक तुकडा उचलून बघितला. मग हसायला लागली. हसता हसता जमिनीवर बसली आणि हसता हसता रडली. जावई मला हळूच म्हणाला, महिन्याभरात पहिल्यांदा हसली ती.

तिथेच फरशीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. मग हिल्डाला फोन लावला आणि तिलाही सांगितलं. दोन्ही बाटल्यांचं. मला वाटलं, आता बावीस वर्षांचं नातं तुटलं. मग हिल्डा बोलली.

"म्हणून होय! सहा वर्षं मी मसाला पाठवायचा म्हटलं की तो पाठी लागायचा, बाटली नको, प्लास्टिकच्या डब्यात दे. मी म्हणायचे, बाटलीचा मसाला बाटलीतच बरा, तुला काय कळतंय त्यातलं. कधी कारण नाही सांगितलं गो त्याने. ह्या वेळी तो नव्हता ना सांगायला, म्हणून मी बाटलीत भरला." मग म्हणाली, "शैला, ती बाटली तेव्हा फुटायला हवी होती. फुटली एकदाची."

एवढंच. मला कुणी रागावलं नाही. सहा वर्षं मी ज्याला घाबरत होते ते दोन मिनिटांत संपलं. हे तुला ठाऊक होतं का रे? ठाऊक असून मला सांगितलं नाहीस ना?

साडी क्लेराने तीनदा धुतली. डाग जात नाहीत, वासही जात नाही. ती तिची एक कोरी साडी द्यायला निघाली होती, मी नको म्हटलं. उद्या मी हीच नेसणार. क्लेरा तुझी गिटार घेऊन बसेल, मी तिच्या उजवीकडे उभी राहीन, जिथे तुझ्या उजवीकडे उभी राहायचे तिथेच. आणि काळी चारवर गाईन. आज प्रॅक्टिसला गाऊन बघितलं. आवाज फाटत नाही. तुझं बरोबर होतं.

पुढच्या रांगेतलं कुणी शिंकलं तर शिंकू दे. गिटार शाबूत पोचली, बाटली फुटली, आणि सॉरी म्हणायचं होतं ते आता म्हणते. सॉरी, बेनी. झाली आपली फिट्टंफाट, मेल्या.